जड पान

जड हाय म्हंजे? एका फोटोचं पान, खाली दोन ओळी, आणि जड? — बोला की पावणं. पासवर्ड पाहिजे होता, दिला. खुर्ची दिली, मशीन दिलं, गुळाचा च्या दिला. सकाळी वीरेशअण्णांचा फोन आलता — 'शांताक्का, समाजाची वेबसाइट आता पुण्याची कंपनी नवी करणार, त्यांचा माणूस येतोय, त्याला सगळं दाखवा.' दाखवतो की. मी काय उरावर बांधून नेणार हाय? — हसला का? 'दाखवतो' म्हटलं म्हणून? कोल्हापुरात बायका असंच बोलतात, पावणं. मी आलो, मी गेलो, मी बघतो. तुमच्या पुण्यात बोलत नसतील, न बोलू देत.

आणि जुनाट म्हणू नका. दोन हजार साली केली तवा अख्ख्या लक्ष्मीपुरीत कुणाला ठाऊक न्हवतं वेबसाइट कशाशी खातात. ह्याच अण्णांनी विचारलंतं, 'अक्का, ही ठेवायची कुठं? कपाटात मावंल न्हवं?' — आणि आज ते सेक्रेटरी, आणि आज त्यांना ती जुनाट. मी कुरुंदवाडची, सातवी पास. खाली आमच्या मालकांचं भुसारी दुकान, आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी ह्या माडीवर बसून इंग्रजी पुस्तकाचं झेरॉक्स वाचून काढलं — डिक्शनरी मांडीवर, एकेक शब्द, ज्वारीतला खडा वेचावा तसा. कुणी शिकवलं न्हाय मला. म्हंजे — विद्या होती. माझी पोरगी. पण तीबी शिकतच होती की. मशीन एक आणि आम्ही दोघी. ती कॉलेजला गेली की मी बसायचो, ती आली की मी उठायचो. आणि निरोप ठेवायचो पानाच्या पोटात. तुम्हाला काय सांगायचं, तुमचा धंदाच हाय — पानामागं जो कोड असतोय, त्यात अशी ओळ लिहिता येती की पडद्यावर दिसतच न्हाय. शहाण्या माणसांनी ती सोय कामाच्या आठवणीसाठी केलीय. आम्ही त्यात काय लिहायचो? 'अव्वा, दूध तापवलंय, परत तापवू नको.' 'विद्या, भाकरी बुट्टीत हाय, ठेचा कपाटात, मांजराला भ्यायचं न्हाय.' इंग्रजी अक्षरांत मराठी. मालक मागं उभं राहून बघायचे, त्यांना नुसतं रिकामं पान दिसायचं. आम्ही हसायचो.

काय काय न्हवतं हो ह्या साइटीवर? वधूवर, रक्तगट, मठातले कार्यक्रम, कुणाचं पोरगं पास झालं, सगळं. आधी गल्लीत कोण गेलं ते चौकातल्या फळ्यावर खडूनं लिहायचे. पावसानं पुसलं की माणूस दुसऱ्यांदा गेला. मी म्हटलं, न पुसणारा फळा करतो. म्हणून ते लिंगैक्य मंडळींचं सदर — आमच्यात माणूस वारला म्हणत न्हाईत, लिंगैक्य झाला म्हणतात. प्रत्येकाला एक पान, एक फोटो, आणि तळाला आकडा, किती जण बघून गेले त्याचा. अमेरिकेतनं एकानं लिहिलंतं — आईच्या मातीला पोचलो न्हाय, तुमच्या पानावर बघितलं तिला. मी रडलो न्हाय. मी त्या बाईचा फोटो जरा मोठा केला.

आता तुमचं ते जड पान. नाव वाचा वरचं. मोठ्यानं वाचा की. विद्याश्री ईरप्पा. व्हय — तीच. — न्हाय, न्हाय, हात जोडू नका, ती मेली न्हाय. च्या सांडला बघा. घ्या ते फडकं. मेली न्हाय म्हटलं. पान हाय, मरण न्हाय. असतंय असं एखादं.

आता बघताय तसं बघू नका माझ्याकडं. दोन हजार दोनचा जून. टेलिफोनची लाइन बघायला एकजण यायचा, कृष्णात म्हणून, गगनबावड्याचा. आमच्यातला न्हवं. लाइन सारखी बिघडायची — मला तवाच कळाय पाहिजे होतं, पाऊस न्हाय, वारा न्हाय, लाइन कशी बिघडती? एका गुरुवारी दोघं गेली. मालकांनी स्वामींना बोलावलं, म्हणाले, तिचं सगळं करून टाका. स्वामी शहाणे, 'जित्या माणसाचं करत न्हाईत' म्हणून उंबऱ्यावरनंच माघारी गेले. मग मालकांनी आंघोळ केली आणि दारात तिच्या नावानं पाणी सोडलं. झालं. पण मालकांनी नुसतं पाणी सोडलं, पावणं. पाणी घटकाभरात वाळलं. पान मी केलं. कुणी सांगितलं न्हवतं — ना मालकांनी, ना अण्णांनी. खाली दुकानात बाया मला ऐकू येईल अशा बोलत होत्या, 'आईनं कॉम्प्युटर शिकवला, घ्या आता.' मग म्हटलं, ह्याच कॉम्प्युटरवर दाखवतो तुम्हाला शांतादेवी काय हाय ते. लगेच पुढचा सोमवार होता, दुकानाला सुट्टी, मालक मठात गेलेले. मी बारा वाजता बसलो. तिचा बारावीचा फोटो काढला, चौकट केली, 'लिंगैक्य' लिहिलं. फोटो चढता चढंना. लाइन तुटायची, मी परत जोडायचो, परत तुटायची, परत जोडायचो. बारापासनं पाचपर्यंत. मी हट्टी हो. पाचला चढला. आणि खरं सांगतो, मला जिंकल्यासारखं वाटलं. उठलो आणि भात टाकला.

दिवाळीत तिच्या सरावाची पानं पुसाय बसलो. तोवर हात लावला न्हवता, रागानं. एका पानाचं पोट उघडलं, तर आत निरोप. 'अव्वा, सोमवारी दुपारी फोन करतो, बाबा मठात असतात तवा. तूच उचल. तू ये म्हणालीस तर येतो.'

तुम्ही तवा शाळेत असाल, ध्यानात नसंल — तवा तार एकच होती. इंटरनेट लावलं की फोन बंद. करणाऱ्याला नुसतं टुंग टुंग टुंग. बारापासनं पाचपर्यंत, पावणं. तिनं किती वेळा फिरवला असंल? मी मोजत बसतो कधी कधी. दर दहा मिनिटांनी धरला तर तीस वेळा. दर पाच मिनिटांनी? — आणि तिला वाटलं असंल, अव्वानं रिसिव्हर काढून ठेवला. बरं, पाच वाजता लाइन मोकळी झाली, तवा तरी? तवा मालक आलते घरी. आणि तिला तर मालकांची वेळ पाठ.

पान का न्हाय काढलं, म्हणता? काढणार होतो की! त्याच दिवशी काढणार होतो. तर तळाला आकडा दिसला, वाढलेला. मी सोमवारी सकाळी एकदा बघतो, मंगळवारी सकाळी एकदा. मंगळवारी माझ्या बघण्यानं एक वाढाय पाहिजे न्हवं? दोन वाढलेला असतोय. मधी कोण तरी येऊन जातंय. इतर वारी न्हाय. सोमवारी. आता मला सांगा, कोल्हापुरात कुणाला पडलंय माझ्या पोरीचं पान दर सोमवारी उघडायला? आणि पान काढलं तर ती यायची कुठं? पोरगी जिती हाय हे मला तिच्या मरणाच्या पानावरनं कळतंय. हसा. अण्णांना सांगा आणि दोघं मिळून हसा.

म्हणून जड. दर सोमवारी सकाळी मी आत एक पत्र लिहितो. फोटोच्या मागं. वर काय दिसत न्हाय. 'विद्या, लाइन गुंतलीती, मी काढून ठेवला न्हवता.' हे पहिलं. मग फोन नंबराच्या आधी दोनचा आकडा लागला, तो कळवला. मग 'बाबा गेले, शेवटच्या दिवशी तुझं नाव घेतलं' — घेतलं न्हवतं, पण मी लिहिलं. 'मांजर मेलं. दुसरं आणलंय.' पाच वर्षांची पत्रं हाईत, पावणं, अडीचशेच्या वर. आणि तुमच्या कंपनीच्या भाषेत त्याला काय म्हणत होता मघाशी? कचरा. 'आत लई कचरा साठलाय, आजी, साफ करून टाकतो.' मी ऐकलं. म्हातारी हाय, बहिरी न्हाय.

उत्तर? न्हाय, उत्तर कुठनं येणार? ती नुसती वाचून जाती. तिला राग हाय. असू दे की. आईचाच राग हाय तो, वाण माझाच.

काय? — परत सांगा. सर्च इंजिनचं यंत्र? माणूस न्हाय, नुसता प्रोग्राम, आठवड्यातनं एकदा सगळी पानं चाळून जातोय, आणि आकडा एकनं — गप. गप बसा. मला ठाऊक न्हाय व्हय? तुम्ही चड्डीत होता तवापासनं मला ठाऊक हाय. त्याला अडवायची ओळबी येती मला लिहायला. लिहिली न्हाय. आणि तिकडं सर्व्हरवर नोंद असती, कोण आलं, कुठल्या गावातनं आलं, माणूस का यंत्र, तेबी ठाऊक हाय. दोन मिनिटांचं काम. पाच वर्षं झाली, मी ती फाइल उघडली न्हाय. सगळ्या लक्ष्मीपुरीच्या साइटी मी उघडून दुरुस्त करतो, ती एक फाइल उघडली न्हाय. का न्हाय म्हणून विचारू नका. यंत्र निघालं तर मी सोमवारी काय करू? — आणि ती निघाली तर? पाच वर्षं वाचतीय, सगळं वाचतीय, लाइन गुंतलीती हेबी वाचलंय, आणि तरी फोन करत न्हाय, असं निघालं तर? कुठलं बरं, सांगा की. तुम्ही शिकलेले.

थांबा. काय करताय? — त्या नावावर बाण कशाला नेला? ती नोंदीचीच, लॉगची फाइल हाय. नका. दोन मिनिटांचं काम हाय म्हणून मी सांगितलं, करा म्हणून न्हाय सांगितलं. माउसवरचा हात काढा.

काढा म्हणतो न्हवं.

हां. उठा आता. पासवर्ड मी बदलणार हाय, तो कागद फाडून टाका. अण्णांना सांगा, नवी साइट करा, फिरती चित्रं लावा, मंत्र्याचा फोटो लावा, सगळं न्या. एवढं एक पान म्हातारी देत न्हाय म्हणाली. जड हाय म्हणाली, उचलत न्हाय. चपला जिन्याखाली हाईत. पायरी मोडकी हाय, बघून उतरा. आणि परत यायचं झालंच तर कवाबी या — सोमवारी तेवढं नको. दुपारचं मी हे मशीन बंद ठेवतो. आता ब्रॉडबँडवर फोन मोकळाच असतोय म्हणतात. तरी बंद ठेवतो.