अंगठ्याखालचं बटण

दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे एक नवरा-बायको होते. कारागीर त्यांचा गेमिंग माउस उलटसुलट करून बघत होता.

“वायर ठणठणीत आहे, साहेब. अंगठ्याखालचं हे एकच बटण पार झिजलंय. काय सेट केलं होतंत यावर?”

“विशेष काही नाही.”

“अरे, सांग ना त्यांना. आठवडाभर माउस माउस करून डोकं उठवलंयस माझं.”

“एक वाक्य आहे. दाबलं की आपोआप टाइप होऊन जातं.”

“कुठलं वाक्य?”

“‘हो गं, निघालोच.’”

“म्हणजे रोज संध्याकाळी ऑफिसातून मला हे बटण उत्तर देतं?”

“सुटल्यावर एकच डाव असतो गं. मधेच हात काढता येत नाही.”

“आणि मी घरी जेवण गरम करत बसते. दादा, राहू द्या ते बटण तसंच. चल आता घरी.”

“तू हो पुढे, मी निघालोच.”