पोरीची बेंबी बसली म्हणाले

मी धरमतरच्या खाडीकडची, जन्म मिठागराच्या बांधावरच गेला म्हणा ना, आईबाप मीठ ओढायचे, मग नवरा-मी दोघंपण तेच, पाय फुटून रक्त यायचं तरी खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. नवरा लवकर गेला. एकच पोर, सुरेखा. मी हट्टानं तिला खाडीपासून लांब दिली, रोह्याला, कोलाडच्या अलीकडं, भातशेती हाय, जावई कंपनीत हाय, म्हटलं पोर तरी कोरड्यात राहील.

लग्नाला वर्ष झालं नि तिच्या पोटात डावीकडं दुखायला लागलं. बरगडीखाली. आता आमच्याकडं पोट दुखलं की पयलं काय, तर बेंबी सरकली. तिच्या सासूनं गावातली बेंबी बसवणारी म्हातारी बोलावली. म्हातारी पोटावर बोटं ठेवून बघते, नाडी उडतेय कुठं, बेंबीवर उडली तर बरोबर, बाजूला उडली की बेंबी सरकली, मग तेल लावून चोळून मधी आणते. दोनदा चोळली. दुखणं गेलं नाय, तेव्हा कुठं जावयानं सोनोग्राफी केली.

डॉक्टर भला माणूस. मी होते ना तिथं. बोलला, पोटात डावीकडं पानथरी असते, प्लीहा म्हणतात ती, तिला रक्त नेणारी नळी एका जागी फुग्यासारखी फुगलेय, चोळायचंबिळायचं नाय, फुटली तर माणूस हातात राहत नाय, आणि दिवस राहिले तर फुटायची भीती लय. मुंबईला जा, मांडीतून बारीक तार घालतात, फुगा आतून बंद करतात, पोट फाडायला लागत नाय, पण मूल व्हायच्या आधी करा. इतकं सोपं करून सांगितलं मेल्यांना!

घरी आल्यावर सासू काय म्हणते, हिंडतेय फिरतेय, भात लावतेय, हिला कसला आजार, आणि गावात कळलं सून आजारी तर नाव जाईल. जावई म्हणाला शिफ्ट सुटत नाय, गणपती झाले की जाऊ. गणपती झाले, मग कापणी आली. आणि पोरीला दिवस गेले. मी दर खेपेला विचारायची, तर मलाच बोलायचे, तुमच्या मनात नको ते येतं. पोरीची आई म्हणजे काय हो, तिच्या सासरी जाऊन किती तोंड करणार?

सातव्यात ओटी भरून आणायला मी गेले. दारात पोचते तर गडबड, पोर चुलीपुढं चक्कर येऊन पडलेली, पांढरी फटक. बेंबीवाली म्हातारी तिच्या पायाचे अंगठे ओढत होती, बेंबी जागेवर आणायला. थोड्या वेळानं पोर उठून बसली, पेज प्यायली, मला म्हणते, आई, बरं वाटतंय गो. सासूनं हात जोडले, बेंबी बसली म्हणाली. मी जावयाला म्हटलं, गाडी काढ, आत्ता डॉक्टरकडं ने. तो म्हणतो, आई, बरी हाय ना ती, जेवा तुम्ही.

पान वाढलं नि तिनं पोट धरलं. ओरडली पण नाय नीट. रोह्याच्या रस्त्यात, माझ्या मांडीवर गेली, बाळ पण तिच्यासंगं. मागनं त्याच डॉक्टरनं सांगितलं, पयल्यांदा थोडं फुटतं, रक्त आत एका जागी अडतं, माणसाला बरं वाटतं, मग दुसऱ्यांदा सगळं फुटतं. मधल्या वेळात नेलं असतं तर काय झालं असतं? तो म्हणाला, कदाचित. त्या कदाचितनं माझी झोप गेली ती गेलीच. आणि सासू दहाव्याला सुद्धा सगळ्यांना सांगत होती, बेंबी बसली होती हो, नजर लागली.

वर्षानं जावयाचं दुसरं लग्न झालं. या सुनेला पोटात जरा दुखलं तर लगेच मुंबईला नेऊन सगळं तपासून आणली. अक्कल आली, माझी पोर खर्ची घालून आली. गेल्या महिन्यात ती पोटुशी असताना तिला घेऊन आला मला भेटायला. पोरगी पाया पडली, आई म्हणाली मला. तिचा काय दोष, काय सांगू तुम्हाला. म्हटलं, सुखानं सुट गो बाय, तुझं नि बाळाचं सगळं चांगलं होवो. मनापासून म्हटलं.

तो बाहेर ओट्यावर उभा होता. त्याला मी पाणी पण विचारलं नाय.