वैदूला मरू द्या

…आणि वर मलाच विचारतात, आजोबा, तुम्हाला मरायची एवढी घाई का? आता काय बोलायचं! तुम्हाला सांगतो, आयुष्यात मी कुणाकडे फार काही मागितलं नाही. घड्याळं दुरुस्त केली, गावभर लोकांची वेळ सुधारली, माझी होती तशीच राहिली. मग दुकान बंद केलं, लेकीकडे राहायला आलो, आणि एकच गोष्ट मागितली. रविवारी दुपारी जेवण झालं की बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर तासभर झोप. बास. दिवाण माझा, उशी माझी, घोरणंही माझंच, कुणाच्या घरून उसनं आणलेलं नाही. पण नाही! कारण रविवारी दुपारी नेमकं त्याच खोलीत जग वाचवायचं असतं!

म्हणजे काय, तर माझी नात. नोकरी करते, चष्मा लावते, लग्नाचं विचारलं की पाणी प्यायला उठते. ती टेबल ओढून माझ्या दिवाणाला लावते, पुढे पुठ्ठ्याचा आडोसा उभा करते आणि त्याच्यामागे बसून गोष्ट सांगते. तुम्ही गुहेत आहात, समोर दार आहे, काय करता? आणि मतदानाचा हक्क असलेली धडधाकट माणसं माझ्या दिवाणावर बसून खरंच विचार करतात हो, की काय करावं! त्यातला एक समोरच्या इमारतीतला दंतवैद्य. आठवडाभर लोकांना 'आ करा' सांगतो, रविवारी स्वतः आ करून बसतो. इथे, नातीच्या गोष्टीत, प्रत्येकाला एक सोंग असतं, आणि तो चोर असतो. मी म्हटलं, बाबा, मग रविवारी वेगळं काय करतोस? दुसऱ्या ग्रंथपालबाई. आवाज असा की दाराची बेल वाजवली तर आधी बेलची माफी मागतील. पण टेबलाशी बसल्या की सेनापती! गरजतात, तलवार उपसतात, शत्रूच्या सात पिढ्या काढतात. कित्येक वर्षं ती एकच सेनापती त्यांनी जपलीय. तिचा घोडा वारला तेव्हा बाई आठवडाभर गप्प होत्या म्हणे… म्हणजे नेहमीपेक्षा गप्प, हे कुणाला कळलं कसं देव जाणे.

येताना पुस्तकंही आणतात. जाडजूड! उघडलं की नकाशा, मग राजाच्या खानदानाची वंशावळ, आणि सातवा भाग आला तरी राजा आपला वाटेतच. दुसऱ्या एकात लोक यानात बसून परग्रहावर जातात आणि तिथे जाऊन सासू-सुनेसारखे भांडतात. मी एक घेतलं त्यातलं. छान आहे. उशीखाली ठेवलं की मान बरोबर बसते.

तर यांच्यातला एकजण, वैदू व्हायचा तो, बदली होऊन गेला. खेळ अडला. मी मनात म्हटलं, सुटलो! तेवढ्यात नात आली गोड आवाजात. या मुलीचा आवाज गोड झाला की मी आधी खिसे चाचपतो. म्हणाली, आजोबा, तुम्ही वैदू व्हा. मी म्हटलं, मी फक्त झोप मागतोय गं. तर म्हणाली, मग सौदा करू. वैदू मेला की आम्ही टेबल उचलून दंतवैद्याच्या घरी, दिवाण तुमचा.

मरायचं होतं हो फक्त! माझ्या वयात त्यात अवघड ते काय?

पण या लोकांचा एक कायदा आहे. टेबलाशी बोललं ते झालं. तुम्ही सहज काही पुटपुटलात की तुमच्या पात्राने ते केलंच म्हणून समजायचं. हे मला कुणी सांगितलंय? पहिल्याच रविवारी समोर दैत्य उभा राहिला. मी जांभई देत म्हटलं, सांगा त्याला, ये आणि खा मला. नात म्हणाली, बोललं ते झालं, टाका फासा. यांचा फासा वीस तोंडांचा, ज्याचा त्याचा वेगळा, वीस पडला तर जयजयकार, एक पडला तर सत्यानाश. मी टाकला. वीस! दैत्य म्हणे माझं धैर्य बघून गहिवरला, रडला, आणि त्याने मला स्वतःच्या ताटात जेवू घातलं. दंतवैद्य टाळ्या वाजवतोय. मी दिवाणाकडे बघितलं. माझ्या उशीवर त्याचं कोपर होतं.

पुढच्या रविवारी कड्यावरून उडी मारली. खाली गवताने भरलेली गाडी! मग विहिरीत पडलो, तर विहीर कोरडी, वर तळाशी मऊ वाळू. अहो, खऱ्या आयुष्यात मी साध्या उंबऱ्याला अडखळून महिनाभर लंगडलोय, आणि इथे मेलं मरण येईना!

मग मात्र मी माझी विद्या काढली. शाळेने मला चौथीत सोडलं, मी तिला तिसरीतच सोडलं होतं. पण घड्याळजीच्या बारीक ड्रिलला शाळा लागत नाही. माझ्या फाशावर एकच्या बरोबर समोर वीस होता. विसाला नाजूक भोक पाडलं, आत शिसं भरलं, वरून लेकीच्या कपाटातली जांभळी नेलपॉलिश. फासा टाकला की वीस जड होऊन खाली, एक वर. काय सांगू, लहानपणी मास्तरांच्या खुर्चीचा पाय कापला होता तेव्हाही इतका आनंद झाला नव्हता.

आणि पडायला लागले एक! पूल तुटला, एक. साप चावायला आला, एक. पण मरू देईल तर ना ही बाई! मी मरायला निघालो की सेनापती मध्ये. पुलावरून मला खेचलं, तिचा खांदा निखळला. साप तिने स्वतःच्या हातावर घेतला. आणि मग त्या बारीक आवाजात मला विचारायच्या, काका, तुम्हाला कुठे लागलं नाही ना? मला! दिवाणाच्या कडेला बसलेल्या माणसाला! आता मला सांगा, अशा बाईसमोर शांतपणे मरायचं कसं?

असं करत करत सेनापतीचा जीव उरला चिमूटभर. आणखी एक घाव की संपली, आणि या खेळात संपलं ते कायमचं. परवाच्या रविवारी नेमका एका जादूगाराने तिच्यावर विषाचा मणी फेकला. नात आडोशामागून म्हणाली, वीस पडला तरच वाचेल. बाईंचा चेहरा पांढरा. स्वतःचा फासा त्यांनी हातात घेतला, खाली ठेवला, आणि हळूच म्हणाल्या, "काका, तुमचा द्या. त्याने सगळे एक टाकून संपवलेत. आता त्याच्यात वीसच उरलाय."

दंतवैद्याने मान डोलावली. हिशेबाने बरोबर आहे, म्हणाला! एवढं शिकलेली माणसं, तुम्हाला सांगतो, आणि फासा म्हणजे यांना टूथपेस्टची ट्यूब वाटते, वाईट पिळून काढलं की खाली चांगलं उरतं.

आणि बाईंचा हात माझ्यासमोर पसरलेला. खरं सांगावं, तर इतक्या वर्षांत मी केलेली एकही खोडी कबूल केलेली नाही, तो विक्रम मोडतो. गप्प बसावं, तर सेनापती जाते, आणि बाई सोमवारपासून जन्मभर बारीक आवाजात. मला झोप हवी होती हो, कुणाची सेनापती नको होती! फासा उचलला आणि तोंडात टाकला.

"गिळला," मी म्हटलं.

सगळे माझ्या तोंडाकडे वाकले. मी म्हटलं, पेपरमिंट वाटली. दंतवैद्य उडालाच, टॉर्च काढला, आ करा म्हणाला, आत बराच वेळ बघितलं आणि गंभीरपणे सांगितलं, "उजवी दाढ किडलीय." फासा? तो येईल म्हणाला आपोआप, त्याची काळजी नको.

आणि आडोशामागून नातीचा आवाज. "बोललं ते झालं. मणी वैदूने गिळला. सेनापती वाचली. वैदू गेला."

मेलो! एकदाचा मेलो! बाई उभ्या राहिल्या, हातात नसलेली तलवार कपाळाला लावून त्यांनी मला मानवंदना दिली, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, बाई, रडता काय, सरका जरा. उशी झटकली, पाय लांब केले, डोळे मिटले. आहाहा…

नात कानाशी वाकली. "आजोबा, आईची नेलपॉलिश फाशाला छान शोभत होती." मी डोळे आणखी घट्ट मिटले. मग ती सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, जो दुसऱ्यासाठी जीव देतो त्याचं भूत होतं आणि सेनापतीच्या सोबत राहतं. आणि भूत पुन्हा मरत नाही.

मी पडल्या पडल्या विचारलं, निदान झोपतं तरी?

"भुतं झोपत नाहीत, आजोबा. उठा, तुमची पाळी आहे."

तर आता दर रविवारी दुपारी मी माझ्या हक्काच्या दिवाणावर असणार. बसलेला. एका बाजूला चोर, एका बाजूला सेनापती, आणि किडकी दाढ काढायला बुधवारी जायचंय त्या चोराकडेच. मेल्यावर तरी माणसाला शांत झोप लागते असं इतकी वर्षं ऐकत आलो होतो… तेही खोटंच निघालं.