चित्र जुळेना म्हणून

हॅलो?… हां, सोनम, बोल… व्हय, मंगलताईच बोलतीया. सांगलीतच हाय, दवाखान्यात. तू कोरेगावातनं निघू नको लगीच… अगं ऐक ना! झालं ऑपरेशन. तुझं दाजी आलं भाईर. शुद्धीवर हायत.

…न्हाई, न्हाई, कंबर उघडलीच न्हाई. बाभळीवरनं पडून माकडहाडाच्या वर मोडलंय न्हवं, तितं दोन बारकी भोकं. त्यातनंच स्क्रू घातलं… अगं, उघडलंच न्हाई तर दिसणार कसं, म्या बी त्येच इचारलं. उत्कर्षा मॅडमनी, म्हंजी डॉक्टरीणबाईंनी, काल समजावलं. हाडाला एक खूण बसवत्यात, मशीन फिरवून फोटो काढत्यात. मग हत्यार आत कुठवर गेलंय ते कॉम्प्युटरवर दिसतंय. शिरंच्या अगदी शेजारनं जायाचं असतंय, म्हणून.

…हो, हो, उशीर झाला. त्येच सांगती. मधीच मॅडम भाईर आल्या. म्या तशीच उठून दाराकडं धावली… न्हाई गं, तसलं काय न्हाई. म्हणाल्या, "ती खूण जरा हलली. पडद्यावरचं चित्र आणि हाड जुळेना. मी थांबलेय. नव्यानं फोटो काढूनच पुढं जाईन."

…राग? मला बी आला. एवढं मोठं मशीन, आन असं कसं? पर बसल्या जागी इचार केला, सोनम… त्या तशाच रेटत गेल्या असत्या तर? मला काय कळणार हुतं? पाय कायमचा गेला असता, आन म्या नशिबाला बोल लावत बसली असती. त्या थांबल्या. भाईर येऊन खरं सांगितलं. तवा कुटं भरवसा बसला बघ.

…डावा पाय? पडल्यापास्नं बधिरच हाय गं. येईल म्हणत्यात हळूहळू… न्हाई बी येणार. काल मला म्हणालं, "पाय न्हाई आला तर मेंढरं थोरल्या पोराकडं दे. मला नुसतं दारात बसवू नको." असं कवा बोललं नव्हतं…

थांब हां, हाक मारत्यात… काय वं? पाणी?… सोनम, धर जरा… कुटं हात लावू?… हितं?… डोळं मिटा बघू. आता कुटल्या बोटाला?… आवं, परत सांगा!…

सोनम? अगं… माझा हात गार लागतोय म्हणत्यात. डाव्या पायाला… रडू नको गं. ठेवती मी, मॅडमना बोलवाय पायजे.