डाव्या स्फटिकातला भोवरा

(सभागृहामागची लहान खोली. सरांच्या गौरवाच्या व्याख्यानाला थोडा अवकाश आहे.)

सर : पण सभेला निघालेल्या माणसाची तोंडी परीक्षा घ्यायची, ही कुठली रीत? शिष्या तू माझी. परीक्षक कधी झालीस?

शिष्या : गुरूला अडवील तोच खरा शिष्य, हे आपलंच वचन. सांगा ना, धातूत चुंबकत्वाचे भोवरे होतात कसे?

सर : ऐक तर. धातूतला एकेक अणू म्हणजे इवलीशी चुंबकसूची. शेजारणीशी समांतर राहावं, ही तिची एक ओढ; किंचित तिरपं वळावं, ही दुसरी. दोन्ही ओढींचं भांडण जुंपलं आणि बाहेरून बेताचं चुंबकीय क्षेत्र लाभलं, की सूच्या वळत वळत भोवरा बांधतात. मग तो हलक्या हातानं विंचरून सुटत नाही.

शिष्या : आणि कुठल्या बाजूला वळायचं, हे भोवराच ठरवतो?

सर : छे! ते स्फटिकाच्या घडणीवर. आपल्या धातूत डाव्या घडणीचा स्फटिक डावीकडेच वळवतो. क्षेत्राची दिशा तीच असेल, तर ब्रह्मदेव आला तरी त्यात फरक व्हायचा नाही.

शिष्या : आपल्या शोधनिबंधातला स्फटिक कुठला?

सर : डावा. क्ष-किरणांनी पारखलेला.

शिष्या : मी पारखलेला. असो. मग क्षेत्र तेच असताना छायाचित्रातले भोवरे उजवीकडे कसे हो वळले?

सर : ...छापखान्याची चूक असेल.

शिष्या : भोवरे तेवढे उलटे आणि खालच्या मोजपट्टीवरचे आकडे सुलटे? मोठा चतुर छापखाना! माझं छायाचित्र आरशासारखं फिरवलंत, सर, ओळखू येऊ नये म्हणून. चोरी पचली असती. लपवणं अंगाशी आलं.

सर : हळू बोल. दार उघडं आहे.

शिष्या : इतकी वर्षं हळूच बोलले. ‘हिच्या हातून काही होणे नाही’ म्हणून मला प्रयोगशाळेबाहेर काढलंत, तेव्हासुद्धा.

सर : दुरुस्ती छापतो. आधी तुझं नाव, मग माझं. आणखी काय हवं?

शिष्या : आपल्या शेजारी माझं नाव? इतकी मी अजून उतरले नाही.

सर : मग आज ते चित्र दाखवतच नाही!

शिष्या : ज्या चित्रासाठी गौरव, तेच वगळणार? दाखवलंत तर मी विचारीन. नाही दाखवलंत, तर सारी सभा विचारील.

सर : माझ्या वयाकडे तरी बघ, बाळ.

शिष्या : घोटभर पाणी घ्या, सर. बोलावणं आलं.