तूच लिही

— मूठ सोडा आता, रक्त मिळालं. चार नळ्या, बास. राहिला तो आकडा. शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. मघाशी वहिनींसमोर तुम्ही ‘दोन’ म्हणालात ना, मी लिहिलं खरं, पण पटलं नाही, म्हणून तर त्यांना फॉर्मवर शिक्का मारून आणायला पाठवलं. शिक्का-बिक्का काही लागत नाही हो! हसताय काय? सगळे नवरे बायकोसमोर दोनच म्हणतात. परवा एक जण घामानं डबडबलेला, ओठ चावतोय, आणि मला म्हणतो, ‘एक लिहा, ताई.’

अहो, डॉक्टरबाई तुमच्या रक्तात काय शोधतायत? मणक्याला मार बसल्यावर कुणाला वर्षानुवर्षं दुखत राहतं, कुणाला नाही — त्याची रक्तात काही खूण असते का, ते. सापडली तर पुढे कुणाला ‘खरंच दुखतंय हो’ म्हणून गयावया करावी लागणार नाही. पण खूण ताडून बघायची कशाशी? तुमच्या आकड्याशीच ना! तोच खोटा निघाला तर सगळं मुसळ केरात.

काय म्हणालात — पाय? हो, पायच. टाचणी टोचली तर कळत नाही आणि आगीत धरल्यासारखे जळतात. मला नका सांगू, माझ्या दादाचे जळायचे. छपरावरून पडला, कमरेखालचं सगळं गेलं. मी तेव्हा हेच काम शिकत होते — म्हणजे घरात शहाणी मीच — त्याच्या दुखण्याची वही मी लिहायचे. तो रोज म्हणायचा नऊ. रोज नऊ! एकदा मी पांघरुणाखालून गुपचूप त्याच्या पायाला चिमटा काढला, चांगला जोरात. त्याला कळलंच नाही. मला वाटलं, चिमटा कळत नाही तिथे दुखेल कसं? उगाच आईचा जीव खातोय. मी चार लिहिलं. महिनाभर चार. डॉक्टरांनी वही बघितली, म्हणाले, छान, उतार पडलाय, गोळी निम्मी करू.

दादानं वही मागून घेतली, पानं उलटली. वाटलं, ओरडेल. नाही ओरडला. पण त्यानंतर विचारलं की एवढंच — ‘तूच लिही, तुला कळतं.’ पाच वर्षं हेच. शेवटी तापानं फणफणला होता, मी म्हटलं, दादा, सांग ना रे, खरं तेच लिहिते, शपथ — तर म्हणाला, ‘तूच लिही.’ त्याच दिवशी गेला.

काय बाई, कशाला बोलत बसले मी हे! डॉक्टरबाईंना माहीत नाही हं. कापूस दाबून धरा, सोडू नका. हे पेन, ही चौकट. वहिनी येतीलच. सांगा — किती?

...

नऊ.

बरं. दोन खोडते. नऊच लिहिते, हे बघा, तुमच्यासमोर. डोळे पुसा, त्या आल्या.

या वहिनी — झालं आमचं. न्या यांना.