गंजाचा डाग

नाही, पिशवीत घालू नका अजून. आधी मला सांगा, हे झाकण कुणी उघडलं होतं का? सील आहे म्हणता — हं, आहे खरं, पण हाताला सैल लागलं. रागावू नका ताई, मी आहेच अशी. लाँड्री चालवते ना! लोक फाटका शर्ट आणून देतात आणि न्यायला आले की म्हणतात तुम्हीच फाडलात. त्यामुळे मी प्रत्येक कपडा आधी उजेडात धरून बघते. तर हे काय लिहिलंय — 'शंभर टक्के नैसर्गिक'. वा! धोत्राही नैसर्गिकच असतो की. आणि 'हार्मोन्सचा तोल राखते' — राखते म्हणजे नक्की काय करते? तुम्ही स्वतः घेता का हे? वाटत नाही. पंखा बंद करून बसलाय आणि कपाळावर घामाचा थेंब नाही तुमच्या. माझं बघा, बसल्या जागी मानेतून भडका उठतो, कानशिलं तापतात, आतून कुणीतरी चूल पेटवल्यासारखं. कितीतरी दिवस मी इस्त्रीलाच शिव्या घालत होते. मग एकदा दुकान बंद ठेवून घरी बसले, तरी तेच. तेव्हा कळलं, इस्त्री बिचारी निर्दोष आहे.

नणंदेने पाठवलं मला. म्हणे जवस खा, सोयाबीन खा, चहा कमी कर, संध्याकाळी फिरायला जा आणि या दुकानातून ही बाटली आण. आता मला सांगा, जी बाई उभ्या जन्मात मला सुखासुखी एक सुई देत नाही, ती फुकट सल्ला का देईल? तुमचं-तिचं काही ठरलंय का? — बरं, नाही तर नाही. विचारलं आपलं. जवस खाते मी, भाजून, कुटून, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटतं. फिरायलाही जायचे, पण नवरा मागे यायला लागला. सोबत म्हणे! सोबत कसली, पाळत ती. मी पंखा लावायचा, त्याने बंद करायचा, मी पुन्हा लावायचा — शेवटी उशी उचलून बाहेरच्या खोलीत गेला. आणि तिकडून विचारतो काय, तर तू हल्ली चादरी घरीच हाताने का धुतेस, लाँड्रीत एवढं मोठं मशीन आहे ना? बघा! चादरींवर लक्ष त्याचं!

हो, गेली ना पाळी. दोन वर्षं झाली. सुटले म्हटलं एकदाची. — डाग? मी कुठे डाग म्हणाले? मी चादरी म्हणाले. तुम्ही भलत्याच हुशार दिसता. बरं, आहेत डाग. गंजाचे. लाँड्रीत लोखंडी स्टूल आहे माझं, त्यावर बसून लागतात. म्हणजे होतं, बदललं मी ते, प्लास्टिकचं आणलं. तरी येतात. कपड्यात मुरला असेल गंज — नाही, कपडेही नवेच आहेत. आणि गंजाला लिंबू-मीठ चोळावं लागतं, उन्हात टाकावं लागतं. थंड पाण्याने गंज हलतसुद्धा नाही, कामावर येणाऱ्या प्रत्येक बाईला मीच शिकवते हे. आणि हा... हा निघतो थंड पाण्याने. नुसता भिजवला की निघतो.

अशा बघू नका माझ्याकडे. डॉक्टरचं नाव काढू नका. माझी थोरली बहीण गेली होती, चांगली चालत गेली, परत आली नाही. उशीर झाला होता म्हणे. ते म्हणणारच, आपल्या अंगावर यायला नको म्हणून. आता ती घरात गुपचूप काढे पीत बसली, कुणाला बोलली नाही, त्यात डॉक्टरांचा काय दोष — म्हणजे दोष त्यांचाच, मी काय म्हणत होते... तुम्ही मला बोलण्यात अडकवताय. काही नसेलही म्हणता? मग असेलही, हेही म्हणा ना! भीती वाटते मला, बस्, झालं समाधान? द्या ती बाटली, मी निघते.

मागे का ठेवलीत? द्या म्हटलं ना. विकायची नाही? मघाशी तर पिशवी उघडून बसला होतात! आता काय झालं, भाव वाढवायचाय? दुकानदार गिऱ्हाइकाला माल देत नाही, असं कुठे असतं का? दुकानदार कधी देत नाही, ताई? — दिवा का बंद केलात? अहो, चप्पल कशाला घालताय? मला जाऊ द्या, माझी इस्त्रीची थप्पी पडलीय तशीच, लोक यायचे... भरदुपारी दुकानाला कुलूप लावून निघालात तरी कुठे? — कुणाबरोबर?

माझ्याबरोबर?